चार पावलं चालायचा कंटाळा

कल्पना कर. दोन्ही कानांवर तळवे ठेव, घट्ट. इतके घट्ट, की आत फक्त घूं-घूं ऐकू येईल. आता समोर बसलेल्या माणसाला म्हण, "बोल काहीतरी." आणि त्याच्या ओठांकडे बघ. बाबा, मामा, पापा हे तिन्ही शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात. खोटं वाटत असेल तर आरशात करून बघ. मग ज्याला ऐकू येत नाही, तो ओळखतो कसा? तो नुसते ओठ बघत नाही. डोळे बघतो, भुवया बघतो, मान कुणाकडे वळली ते बघतो. तो अख्खा चेहरा वाचतो.

आता त्याच माणसाला सांग, मान खाली घालून बोल. काय दिसलं? केस. भांग. संपलं बोलणं. तो तुझ्याशीच बोलतोय, पण तुझ्यापुरता तो मुका झाला.

हे करून बघितलंस ना? मग आता ऐक. ऐकता ऐकता राग येईल. येऊ दे.

पुस्तकं बांधायचा एक कारखाना होता. कारखाना म्हणायचं, होत्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत मशीन आणि छताला टेकतील असे कागदांचे गठ्ठे. मागच्या खोलीत शिलाईचं टेबल, खळीची पातेली आणि खिडकीपाशी घरच्यांचं जेवायचं टेबल. राहायचं घर वर, पण दुपारचं जेवण खालीच. छापून आलेले कागद इथे दुमडायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, कव्हर चढवायचं आणि शेवटी तिन्ही कडा कापायच्या. कडा वाकडी गेली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ते काम घरातल्या आत्याचं. वीस वर्षं.

आत्याचे कान ती नऊ वर्षांची असताना तापात गेले. बोलायची मात्र झकास. आवाज थोडा सपाट, थोडा मोठा, पण शब्द अन् शब्द स्पष्ट. तिच्या धाकट्या भावाचा हा कारखाना. त्याची बायको शिलाई करायची, मोठा मुलगा कॉलेज सांभाळून गठ्ठे उचलायचा, आणि अकरा वर्षांची मुलगी सगळ्यांच्या कामात नाक खुपसायची. अंगाने बारीक, बोलायला टोचरी, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणायचे. ही गोष्ट टाचणीची.

ते कापायचं मशीन आजोबांच्या वेळचं. काळं लोखंडी, माणसाहून उंच. त्याला दोन माणसं लागायची. एकाने समोर उभं राहून गठ्ठा आत सरकवायचा, टोकं जुळवायची. दुसऱ्याने बाजूला उभं राहून चाक फिरवायचं, म्हणजे वरून दट्ट्या येऊन गठ्ठा दाबून धरतो. मग दांडा ओढायचा. दांडा ओढला की पातं खाली. एकदा निघालेलं पातं मधेच थांबत नाही. तीनशे पानं ते लोण्यासारखी कापतं, आणि आत दुसरं काही असेल तर तेही.

अडचण अशी, की मध्ये मशीनचा जाड खांब. दांड्यापाशी उभ्या असलेल्या आत्याला समोरच्या माणसाचे हात दिसायचे नाहीत. म्हणून आजोबांनी एक नियम घातला होता. गठ्ठा जुळला की समोरच्याने मशीन सोडायचं, चार पावलं चालत आत्याच्या पुढ्यात यायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं आणि दोन्ही हात वर करून दाखवायचे. मगच पातं खाली. दिवसाला दीडशे वेळा. एकदाही चुकवायचं नाही.

तुला वाटेल, काय कटकट! पण त्या चार पावलांतच तर त्या घराची सगळी मजा होती. बाबा पुढ्यात यायचे आणि एक हात पाठीमागे लपवायचे.

"दुसरा कुठाय?" आत्या विचारायची.

"सकाळी होता, ताई. बायकोने काढून घेतला असेल."

"मग तिलाच पाठव मशीनवर. तिचे तीन झाले असतील."

कधी टाचणी हात दाखवायला यायची. शाईने माखलेले असायचे. आत्या म्हणायची, "हे हात नाहीत, पायपुसणी आहेत. धुऊन ये." सकाळी भांडण झालं असलं, की बाबा तोंड फुगवून पुढ्यात यायचे, आणि दहाव्या गठ्ठ्यापर्यंत दोघांनाही हसू फुटलेलं असायचं. दिवसात दीडशे वेळा एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं म्हटल्यावर रुसवा टिकणार कसा?

मग दादाने कारखान्याचं पान उघडलं. त्या मोठ्या साइटवर, जिथे सगळं जग एकमेकांना अंगठे दाखवत बसलेलं असतं. सुरुवात चांगलीच झाली, ते कबूल करायला हवं. टाचणीने छोटे छोटे व्हिडिओ काढले: खळ ढवळताना, सुईत दोरा ओवताना, कडा कापल्यावर कातरणाची रिबिनीसारखी पडणारी वेटोळी. लोकांना ते भयंकर आवडलं. एका वर्षात एक्केचाळीस हजार लोक पान बघायला लागले. लांबलांबून काम आलं. आधी गिऱ्हाइकं बाकावर येऊन बसायची, आत्याशी हातवारे करत गप्पा मारायची. आता बाक गठ्ठे ठेवायला मोकळा झाला.

आणि बाबांची मान खाली गेली. हळूहळू गेली, म्हणून कुणाला कळलं नाही. आधी जेवताना. मग शिवताना. मग गठ्ठा जुळवताना. कुणी काय लिहिलं, कुणाला उत्तर द्यायचं राहिलं, कालच्या व्हिडिओला किती बदाम आले. एक दिवस त्यांनी आत्याला फोन आणून दिला, तिच्या ॲप्रनच्या खिशात घातला आणि म्हणाले, "ताई, आता गंमत बघ. घरच्यांचा ग्रुप केलाय. तुला आता कुणाचे ओठ वाचत बसायला नको. सगळं लिहूनच येईल."

आत्या खूश झाली होती. हो, खूश. पहिले चार दिवस तिने सगळ्यांना फुलं पाठवली.

पाचव्या दिवशी बाबांनी गठ्ठा जुळवला, जागचे हलले नाहीत, आणि आत्याच्या खिशातला फोन थरथरला. तिने काढून बघितला. ग्रुपवर एकच शब्द होता: "काप."

आत्या खांबाला वळसा घालून समोर आली. "हे काय?"

"अगं, हात बाहेर आहेत म्हणून सांगितलं. दर वेळी काय चालत यायचं? वेळ जातो."

"चार पावलं आहेत."

"दिवसाची सहाशे होतात, ताई. काळ बदललाय."

"मला तुझे हात बघायचेत."

"माझ्यावर विश्वास नाही का?" बाबा म्हणाले. पण हे त्यांनी फोनकडे बघत म्हटलं, त्यामुळे आत्याला दिसला तो त्यांचा भांग. तिने विचारलं, "काय म्हणालास?" आणि बाबा म्हणाले, "काही नाही."

काही नाही! बहिऱ्या माणसाला याहून वाईट शिवी नाही. सगळे हसतात, तो विचारतो काय झालं, आणि उत्तर मिळतं, काही नाही. तू कुणाला असं म्हणत असशील, तर आजपासून बंद कर.

तर तसंच चालू झालं. काप. काप. काप. आत्या रोज एकदा तरी कुरकुरायची, आणि रोज कुणीतरी तिला एक हसरा चेहरा पाठवायचं. खरा नाही. पिवळा, गोल.

मग तो शनिवार आला. शाळेला सुट्टी होती. टाचणी स्टुलावर उभी राहून फोनवर व्हिडिओ काढत होती: बाबा, गठ्ठा, मशीन. बाबांनी गठ्ठा जुळवला, उजव्या हातातल्या फोनवर "काप" लिहिलं आणि पाठवून दिलं. आत्याने वाचलं. चाक फिरवलं. दट्ट्या खाली आला. तेवढ्यात बाबांना दिसलं, की वरचा एक कागद पात्याखाली दुमडलाय. त्यांनी डावा हात आत घातला.

आणि उजव्या हाताने काय केलं असेल? मशीनवर आपटला? नाही. खांबापलीकडे लांब करून आत्यापुढे हलवला? तेही नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "थांब".

पाठवलेला शब्द हवेत कुठेतरी गोल फिरत राहिला. आत्याची नजर दांड्यावर होती. कापताना ती दांड्यावरच असावी लागते. तिने दांडा ओढला. बाबा ओरडले. कुणाला ऐकू जाणार होतं? ज्या एका माणसासाठी ओरडले, तिला नाही. हात त्यांनी मागे खेचला, पण दोन बोटांची टोकं राहिली. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. पेराच्या वरची.

आत्याचा खिसा त्यानंतर थरथरला.

टाचणीला तो आत जाणारा हात दिसला होता. फोनच्या काचेवर दिसला होता, छोटासा, एखाद्या व्हिडिओतला असावा तसा. ती ओरडली नाही, उडी मारून आत्याला धरलं नाही. फक्त फोन स्थिर धरून उभी राहिली, जसं बाबांनी शिकवलं होतं. हे तिने मंगळवारपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

दवाखाना झाला, टाके झाले. सोमवारी सकाळी बाबांनी पानावर पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो टाकला. खाली लिहिलं: "माझ्या बहिणीला ऐकू येत नाही. लहानपणापासून तिला सांभाळत आलो. शनिवारी तिच्याच हातून माझ्या हातावर पातं आलं. पण माझ्या मनात राग नाही. नातं बोटांपेक्षा मोठं असतं."

यात एकही शब्द खोटा नव्हता, हे लक्षात घे. आणि तरी ते सगळं खोटं होतं. "काप" कुणी पाठवलं, ते त्यात नव्हतं. "थांब" कसं सांगितलं, तेही नव्हतं.

लोकांनी रडके चेहरे पाठवले. जोडलेले हात पाठवले. दोन हजार तीनशे जणांनी काही ना काही लिहिलं. देवमाणूस आहात तुम्ही. असा भाऊ सगळ्यांना मिळो. आणि मग दुसरे सुरू झाले. अशा बाईला मशीनवर ठेवलंच कसं? आज बोटं गेली, उद्या जीव जाईल. घरी बसवा तिला. आम्ही आमची पुस्तकं तुमच्याकडे द्यायची की नाही, विचार करावा लागेल.

आत्याला ऐकू येत नव्हतं. वाचता येत होतं. खिडकीपाशी उभं राहून तिने ते सगळं वाचलं. खालपर्यंत.

दोन हजार तीनशेंपैकी दारातून आत किती आले, सांगू? एक. पात्याला धार लावून देणारे काका. ते त्याच गल्लीत राहायचे, आणि त्यांचा फोन बोलण्यापुरताच होता. ते आले, बाबांचा हात बघितला, "होईल बरा" म्हणाले, आणि मग आत्याच्या समोर जाऊन उभे राहिले. तिने वर बघेपर्यंत थांबले. म्हणाले, "आणि तू? तू जेवलीस का दोन दिवसांत?"

आत्या तेव्हा पहिल्यांदा रडली.

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. टेबलाच्या एका बाजूला बाबा आणि दादा, समोर आत्या आणि आई, टोकाला टाचणी. बाबांचा डावा हात पट्टीत, उजव्यात चमचा असायला हवा होता, फोन होता. एकाएकी टेबलावरचे चार फोन एकदम थरथरले. पेल्यातलं पाणीसुद्धा हललं.

ग्रुपवर लिहिलं होतं: "ताई, उद्यापासून तू मशीनला हात लावू नकोस. नवीन माणूस येतोय. तू मागे दुमडायचं काम बघ. तुझ्या भल्यासाठीच आहे."

आत्याने वाचलं. मग वर बघितलं. तिला काय दिसलं, मी सांगतो. चार भांग.

"तू माझ्यासमोर बसलायस," आत्या म्हणाली.

बाबांचा अंगठा हलला. तिचा फोन थरथरला. "समजून घे."

"तोंडाने बोल. बघ माझ्याकडे आणि बोल."

बाबा खाली बघूनच पुटपुटले, "कशाला तमाशा करतेस."

"काय म्हणाला?" आत्याने आईला विचारलं.

"काही नाही हो, वन्सं," आई म्हणाली. "जेवा तुम्ही."

आत्याने ताट सरकवलं. उठून खिडकीशी गेली नाही, वर घरातही गेली नाही. नुसती बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि एकेकाकडे बघत राहिली. वीस वर्षांत लाखो पुस्तकांच्या कडा तिने कापल्या होत्या. एक वाकडी गेली नव्हती. ते काम गेलं तर तिच्याकडे काय उरत होतं? मागच्या खोलीतला कोपरा, जिथे भिंतीकडे तोंड करून कागद दुमडायचे असतात. तिथे बसलेल्या माणसाला कुणाचाच चेहरा दिसत नाही.

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खुर्ची मागे ढकलून उठली आणि जिन्यापाशी गेली. दादा मागोमाग आला.

"तुझ्याकडे व्हिडिओ आहे ना? शनिवारचा?" तो कुजबुजला.

"आहे."

"सगळं आलंय? बाबा टाइप करताना?"

"सगळं."

"मग टाक ना पानावर! बघ कसे तोंडावर आपटतात. एक्केचाळीस हजार लोक बघतील. अर्ध्या तासात आत्या हिरो."

टाचणीने व्हिडिओ उघडला. टाकायला फक्त अंगठा टेकवायचा होता. तो तिने नेलाही. आणि मग तिला दिसलं, पुढे काय होईल ते. तेच लोक, तेच रडके चेहरे, तेच जोडलेले हात, फक्त आता आत्यासाठी. तीच शिव्यांची बरसात, फक्त आता बाबांवर. असा कसला हा भाऊ. याचा हातच तोडायला हवा होता. आणि आत्या? आत्या खिडकीपाशी उभं राहून तेही सगळं वाचेल, खालपर्यंत. बाबा आणखी मान खाली घालतील. वाचायला, उत्तरं द्यायला. मग ती मान वर कधीच येणार नाही.

"टाक की! घाबरतेस का?"

"दादा, तू शनिवारी इथे होतास?"

"नव्हतो. का?"

"मग तू मला सांगू नकोस. मी इथे होते. मी बघत उभी होते."

"म्हणजे?"

"म्हणजे मीपण फोनच धरून उभी होते." आणि तिने फोन जिन्याच्या पायरीवर ठेवला, इतक्या जोरात की दादाने आधी त्याची काच तपासली.

टाचणी परत टेबलापाशी आली. बाबांच्या शेजारी उभी राहिली.

"बाबा."

"जेव, टाचणे. मोठ्यांच्यात पडू नकोस."

"बाबा, शनिवारी काप कुणी लिहिलं?"

बाबांचा अंगठा थांबला.

"थांब कुणी लिहिलं? हात आत घालून? आत्या चार पावलांवर होती. तुम्ही ते पानावर का नाही लिहिलंत?"

"टाचणे!" आई ओरडली.

"आत्याची चूक नव्हती. तुमची होती. आणि माझी. मला दिसत होतं आणि मी व्हिडिओ काढत बसले." बोलताना तिने तोंड आत्याकडे वळवलं होतं, प्रत्येक शब्द नीट दिसेल असं. आत्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. टाचणी पुन्हा बाबांकडे वळली. "आता तुम्ही सांगा. तिला. तोंडाने."

बाबांनी मान वर केली, पण फक्त टाचणीपर्यंत. आत्यापर्यंत नाही. आणि तेव्हा टाचणीला कळलं, की बाबा फोनमध्ये आता काही वाचत नव्हतेच. शनिवारपासून नाहीच. ते तिथे लपले होते. फोनची काच नसती, तर त्यांना ताईच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं असतं, आणि तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. मोठ्या माणसांना भीती वाटते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. वाटते. खूप वाटते. पण म्हणून त्यांना सोडून द्यायचं नसतं.

"लिहितो मी तिला," बाबा म्हणाले. "सगळं नीट लिहितो. संध्याकाळी."

"नाही."

"टाचणे, हात दुखतोय माझा."

"तोंड नाही ना दुखत?"

दादा जिन्यापाशी फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. आत्या समोरून सगळं बघत होती. या वेळी तिला मधे पडायचं नव्हतं. ती वाट बघत होती.

बाबा पुन्हा खाली बघायला लागले.

टाचणीने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. त्यांनी धरून ठेवला नाही, हे विशेष. तो तिने खळीच्या रिकाम्या पातेल्यात टाकला आणि वर झाकण ठेवलं. मग ती बाबांच्या खुर्चीमागे गेली, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं, पाय फरशीवर रोवले, आणि बाबांसकट ती खुर्ची टेबलाला वळसा घालून आत्याच्या पुढ्यात नेण्यासाठी ओढायला लागली. फरशीवर खुर्चीचे पाय कर्रर्र वाजले. आई म्हणाली, "अगं, पडतील ते!" टाचणीने ऐकलं नाही. अकरा वर्षांची बारीक मुलगी, आणि बाबा चांगले जाडजूड. खुर्ची जेमतेम वीतभर सरकली. टाचणीने श्वास घेतला, केस कानामागे सारले, आणि पुन्हा ओढलं.